लवू मेस्त्रीची सहा वर्षं

गवत कापायचं पेट्रोलचं मशीन घ्यायला निघालेला माणूस आधी रंग बघतो, मग आवाज ऐकून खूश होतो, आणि त्याच्या टाकीत नुसतं पेट्रोल घालायचं की ऑईल मिसळून हे विचारायचं दुकानातच विसरून येतो. अशा माणसांचा मला मनापासून राग येतो. १९८१ साली मी स्वतः तसलाच माणूस होतो.

विक्रोळीला एका मोठ्या कंपनीच्या वसाहतीत मी बागखात्याचा स्टोअरकीपर होतो. मला सगळे भाऊ म्हणत. बंगल्यांपुढच्या हिरवळी, क्लबाचं लॉन, शाळेचं मैदान, आणि मागे खाडीच्या तिवरांपर्यंत पसरलेला गवताचा पट्टा, हे सगळं आमच्या खात्याकडे होतं. जुनं मशीन दमलं होतं. नवं निवडायचं काम माझ्यावर आलं आणि माझ्याबरोबर साहेबांनी लवूला धाडलं.

लवूला सगळे लवू मेस्त्री म्हणत, पण कंपनीच्या कागदावर तो साधा हेल्परच होता. कणकवलीच्या पुढचं कुठलंसं गाव, तरुणपणी दहा वर्षं गिरणीत फिटरच्या हाताखाली, आणि मग आमच्याकडे. राहायला भांडुपला. हडकुळा, शर्टाच्या खिशात कायम एक दहा-अकराचा पाना, आणि बोलणं असं तोडून की नवख्याला वाटावं हा आपल्यावर चिडलाय. यंत्राबद्दल मात्र विचारलं की माणूस खुलायचा.

दुकानात दोन मशीनं होती. एक जुन्या पद्धतीचं, रुळाला गोल पाती असलेलं. दुसरं नवं, खाली विमानाच्या पंख्यासारखं एकच लांब पातं. पावसाळ्यात आमच्याकडे गुडघाभर गवत माजायचं, आणि ते फक्त दुसरंच कापू शकेल असं दुकानदार म्हणाला. त्याचा हिरवा रंगही मला आवडला होता. लवूनं ते आडवं करून खालून पाहिलं, पातं हलकेच फिरवलं आणि म्हणाला, "भाऊ, हे पातं सरळ इंजिनाच्या दांड्यावर बसलंय. मध्ये ना चेन, ना क्लच. म्हणजे पात्याला हात लावला की स्टार्टरला हात लावला असं समजायचं."

"म्हणजे नको घेऊया?"

"मशीन झकास आहे. माणूस शहाणा पाहिजे, एवढंच."

मी ते घेतलं.

लवूनं त्या मशीनसाठी घालून दिलेला शिरस्ता पुढे खात्यात सगळ्यांना पाठ झाला. ऑईल डोळ्यांनी अंदाज करून घालायचं नाही, औषधाच्या बाटलीवर त्यानं पांढऱ्या रंगानं रेघ मारली होती, तेवढंच. काम झालं की लगेच ओलं गवत खरवडून काढायचं, उद्यावर टाकायचं नाही. पंधरा दिवस मशीन बसून राहणार असेल तर टाकी रिकामी करायची, नाहीतर आतलं पेट्रोल चिकट होऊन कार्बोरेटरची वाट लागते. आणि पात्याला हात लावण्याआधी दोन गोष्टी: पेट्रोलचा कॉक बंद, आणि प्लगवरची टोपी काढून वायर बाजूला वळवलेली. टोपी काढली की ठिणगी नाही, ठिणगी नाही तर मशीन सुरू होणं शक्यच नाही. एकदा मी उत्साहानं पात्यात अडकलेली काडी काढायला गेलो, तर त्यानं माझ्या मनगटावर पाना आपटला. मी त्याच्याहून हुद्द्यानं दोन पायऱ्या वर होतो. तरी मी काही बोललो नाही, कारण टोपी काढलेली नव्हती.

मशीन चालवायला दिलं ते सीतारामला. हा लवूच्याच गावचा, आमच्याकडचा सर्वांत जुना माळी. त्याचा धाकटा भाऊ दशरथही खात्यातच होता. सीतारामचं त्या मशीनवर इतकं प्रेम जडलं की दशरथनं नुसतं हँडल धरलं तरी तो म्हणायचा, "तू आधी कुंडये भर." दशरथला ते लागायचं. दोघं भाऊ एकाच चाळीत, एकाच दाराआड राहत होते, तरी मशीनवरून त्यांच्यात आठआठ दिवस अबोला चालायचा. सीतारामची बायको प्रेमा मधल्या मध्ये दोघांना निरोप पोचवायची.

ब्याऐंशीच्या श्रावणात, सकाळी दहाच्या सुमारास, क्लबाच्या लॉनवर सीताराम मशीनच्या मागे चालता चालता कोसळला. हृदय थांबलं होतं. मशीन मात्र थांबलं नाही. त्याच्या पायांपाशी ते एका जागी उभं राहून गुरगुरत राहिलं. माळी गोळा झाले, पण ते फिरतं पातं बघून कोणाची जवळ जायची छाती होईना, आणि बंद कसं करायचं हेही कोणाला सुचेना. वर्कशॉपमधून लवू धावत आला आणि त्यानं ते बंद केलं, तोवर चार-पाच मिनिटं गेली होती. मेलेल्या माणसाशेजारी चालू राहिलेलं ते यंत्र ज्यांनी पाहिलं त्यांना पुढे कितीतरी दिवस कुठल्याही मोटरचा आवाज सहन होत नव्हता. मीही त्यांतला एक.

तेव्हापासून लोक म्हणायला लागले की मशीन सीतारामचं आहे.

अडीच महिन्यांनी खंडेनवमी आली. आमच्या खात्यात त्या दिवशी सगळी हत्यारं मांडून पूजा व्हायची: कुदळी, खुरपी, झाडं छाटायच्या कात्र्या आणि मधोमध मशीन. लवूनं सकाळीच मशीन धुतलं. धुतल्यावर आत पाणी राहू नये म्हणून दहा मिनिटं चालवून तापवलं. मग कॉक बंद केला, टोपी काढली, पातं घासून आरशासारखं केलं आणि मशीन दोन विटांवर आडवं कलतं ठेवलं, म्हणजे पातं समोर यावं. हत्यार म्हणून पूजा करायची ती पात्याचीच.

पूजा दरवर्षी सीताराम करायचा. आता कोण करणार? लवूनं दशरथला पुढे बोलावलं. दशरथ मागे सरला. "दादाचा वरीस सरूक नाय अजून. माझ्या हातान कशी चलतली?"

लवू म्हणाला, "ही घरची पूजा नाय, कामाची आसा. दादाचा मशीन तू नाय पुजशीत तर कोण?"

दशरथ हातपाय धुऊन आला. मी पेढ्यांचं ताट घेऊन बाजूला उभा होतो. लवूनं मशीनला झेंडूची माळ घातली आणि तो जरा थबकला. ती लोंबकळणारी वायर त्याला खटकली असावी. आपल्याकडे खंडित मूर्ती पुजत नाहीत, पाटावर तडा गेलेला कलश ठेवत नाहीत. मशीनचाही एक अवयव बाजूला काढून ठेवलेला, अशा अर्ध्या यंत्राची पूजा कशी करायची? त्यानं वाकून टोपी प्लगवर बसवली. टक्कन् आवाज झाला. मी तो ऐकला, पण त्या आवाजाचं मला काहीच वाटलं नाही. माझं लक्ष पेढ्यांवर बसणाऱ्या माशांकडे होतं.

दशरथनं पात्याच्या वरच्या टोकाला हळदकुंकू लावलं. खालचं टोक विटेआड गेलं होतं. ते वर आणायला त्यानं पातं अर्धं फिरवलं. मध्ये ते अडलं, तसं त्यानं जोर केला.

इंजिन गरम होतं आणि आत थोडं पेट्रोल उरलेलं होतं. एकच धडाका झाला. पातं एकदाच फिरलं आणि थांबलं. दशरथच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. आरडाओरडा, कोणाचं तरी उपरणं, कंपनीची गाडी. त्या गोंधळात लवू मशीनवर झेपावला होता, ते मी पाहिलं. मशीनपाशी काही विपरीत झालं की आधी टोपी उपटायची, ही त्याच्या हाताची इतक्या वर्षांची सवय. त्याच्या हातानं ती पुन्हा पार पाडली. साहेब तपासायला आले तेव्हा वायर बाजूला वळवलेली होती, नेहमीसारखी.

आणि तिथंच सगळं उलटं झालं. खात्यातल्या प्रत्येकाला शिरस्ता पाठ होता. टोपी काढली तर मशीन सुरू होणं शक्य नाही. टोपी तर काढलेली दिसत होती, आणि मशीन सुरू झालं होतं. लवू मेस्त्रीच्या हातून चूक होईल असं कोणाच्या मनातही आलं नाही. मग उरलं कोण? मी स्वतः रिपोर्टात लिहिलं की वायर काढलेली होती. डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं.

सीतारामनं धाकट्या भावाचा हात घेतला, असं त्या संध्याकाळपर्यंत सगळी चाळ म्हणायला लागली. वर्ष सरायच्या आत त्याच्या मशीनला हात लावला म्हणून.

दशरथ बरा होऊन आला तो वेगळाच होऊन. त्याला नर्सरीत डाव्या हातानं पिशव्या भरायचं काम दिलं. तिथून गोदामाचं दार दिसायचं, म्हणून तो पाठ करून बसायचा. झोपेत भाऊ येतो, हँडल धरून उभा राहतो, बोलत नाही, असं सांगायचा. दिवाळीनंतर तो गावी गेला. तिथल्या भगतानं सीतारामला नारळात उतरवलं, नारळ लाल फडक्यात बांधून त्याला खिळा ठोकला आणि वहाळाकडच्या राईत कुठल्याशा झाडाखाली एकट्यानं पुरला. दशरथला वाटेवर पाठ करून उभं केलं होतं. मागे वळून बघायची मनाई होती. झाडाची जागा फक्त भगताला ठाऊक.

परत आल्यावर त्यानं प्रेमावहिनीला घराबाहेर काढलं. भगतानं सांगितलं होतं म्हणे, की विधवा त्या घरात आहे तोवर मेलेल्याला वाट मिळते. मुलीचा हात धरून ती गोवंडीला आपल्या मावसभावाच्या आधारानं राहायला गेली आणि चार घरची धुणीभांडी करायला लागली.

या सगळ्याला एका वाक्यात थांबवू शकेल असा एकच माणूस होता. तो दर सोमवारी गोदामात जाऊन ते मशीन सुरू करायचा.

ते कोणी वापरत नव्हतं. साहेबांनी दुसरं मागवलं. गोदामाच्या दाराला माळ्यांनी लिंबू-मिरची टांगली होती. पण बसवून ठेवलेलं मशीन मरतं म्हणून लवू दर आठवड्याला ते उघडायचा, ऑईल मिसळून पेट्रोल घालायचा, पाच मिनिटं चालवायचा, टाकी रिकामी करायचा. मग टोपी काढायचा. काढल्यावर पुन्हा पाहायचा, काढलीय ना. दार लावून दहा पावलं गेला की परत यायचा, कुलूप उघडून पुन्हा पाहायचा. एका सोमवारी मी त्याला पाच वेळा परत आलेलं मोजलं.

दोन वर्षं गेली होती. त्या पाचव्या वेळी मला ती टक्क ऐकू आली. कानांनी नव्हे, मनात; पूजेच्या दिवशीची, आणि या वेळी अर्थासकट. मी गोदामात शिरलो आणि विचारलं, "मेस्त्री, पूजेच्या वेळी टोपी लावली होतीस का रे तू?"

तो मशीनपाशी उकिडवा बसला होता. वर न बघता म्हणाला, "होय."

मला त्याचा भयंकर राग आला. मी त्याला नको नको ते बोललो. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी सांगणार होतो. तो हॉस्पिटलात होता. बाहेर आलो तर सगळे सीतारामाचं नाव घेत होते. मला वाटलं, घेऊ देत, मेलेल्या माणसाचं काय जातंय. मग प्रेमाला काढलं. आता कुठल्या तोंडानं सांगू, भाऊ?"

"त्याच तोंडानं. आज सांग."

"सांगतो," तो म्हणाला.

हे 'सांगतो' पुढे चार वर्षं चाललं. आणि मी? मी सांगू शकलो असतो. रिपोर्ट माझ्या अक्षरात होता, तो खोटा ठरला असता, म्हणून मीही गप्प राहिलो. लवूला दोष देताना हे विसरून चालणार नाही. गोवंडीचं नाव कुठं निघालं की आम्ही दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

लवू झडत गेला. जेवताना घास हातात धरून बसायचा. दशरथ समोरून आला की त्याची नजर नेमकी त्या हातावर जायची, आणि दशरथला वाटायचं मेस्त्रीला आपली दया येते. उलट तोच लवूची समजूत काढायचा: "तुझी काय चूक? तू टोपी काढललंस. तेका कोण अडवतलो?" हे ऐकलं की लवू उठून गोदामाकडे जायचा. भुतांवर त्याचा कधीच विश्वास नव्हता. पण एकदा मला म्हणाला की सोमवारी मशीन चालू केलं की पाठीमागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटतं, आणि वळून बघायला भीती वाटते. कोण असेल याची भीती नव्हे. कोणीच नसेल याची.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात तो रिटायर होऊन गावी निघाला. निरोपाच्या दिवशी दुपारी वर्कशॉपमध्ये आम्ही तिघंच होतो. दशरथनं पिशवीतून एक नारळ काढून त्याच्यापुढे ठेवला.

"मेस्त्री, तू गावाक चललंस. माझा एक काम कर. दर अवसेक त्या राईच्या तोंडाक एक नारळ ठेव. बांधलेलो आसा, पण उपाशी ऱ्हवलो तर सुटतलो. तुझ्याशिवाय कोणार माझो विश्वास नाय."

लवूनं नारळाला हात लावला नाही. मला वाटलं आता हा 'ठेवतो' म्हणणार, आणि मरेपर्यंत दर अमावास्येला आपल्याच खोटेपणाला नैवेद्य दाखवणार.

"माझ्यान जमाचा नाय," तो म्हणाला. "दशरथा, टोपी मी लावलेली. खंडित मशीनाची पूजा कशी करूची म्हणान लावलंय. आणि तुझो हात गेलो तेव्हा मीच ती काढलंय. सीताराम थंय नव्हतोच."

मी म्हणालो, "खरं आहे ते. मी आवाज ऐकला होता."

दशरथ आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. तो ओरडेल, निदान अंगावर येईल, असं मला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यानं आपला उजवा हात मांडीवर उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "मगे वयनीक मी भायर कित्याक काढलंय?"



दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही तिघं गोवंडीला गेलो. प्रेमा दारात बसून तांदूळ निवडत होती. सहा वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते. दशरथला बघून ती उठली, पदर सारखा केला आणि त्याला पाट दिला. लवू आत आला नाही, गटाराच्या फळीवर उभा राहिला. दशरथ अडखळत सगळं बोलला. तो मध्येच रडला, पण ती रडली नाही.

"भावजी," ती म्हणाली, "माका म्हायत होता तो ह्यांचो हात न्हय. जिवंत असताना तेंनी तुमच्यार कधी हात उचलूक नाय, मेल्यार उचलतले? तुमी माका विचारूक नाय, म्हणान मी सांगूक नाय."

दशरथनं मान खाली घातली. मग ती दारापाशी आली आणि प्रथमच लवूशी बोलली. आवाज चढवला नाही.

"मेस्त्रीनु, तुमी गावाक जातास ना? माझो घो थंय खिळो मारून पुरललो आसा. काय करूक नसताना. तेका सोडवा."

लवूनं मान हलवली. तिनं दशरथला चहा दिला, मला दिला. लवूला दिला नाही, आणि त्यानंही अपेक्षा केली नव्हती.

भगत दोन वर्षांपूर्वीच वारला होता, हे लवूला गावी पोचल्यावर कळलं. त्यानं मला एक पोस्टकार्ड धाडलं, त्यात एवढंच होतं. मी उत्तरात लिहिलं की नारळ सहा वर्षांत मातीत मिळाला असेल, प्रेमाबाईला सांगून टाक की सोडवला. ती काय बघायला येणार आहे? त्यावर त्याचं पत्र आलं नाही. मी असा सल्ला दिला याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या गणपतीला दशरथ गावी जाऊन आला. आल्यावर तो स्टोअरमध्ये माझ्यासमोर येऊन बसला.

"भेटला का मेस्त्री?" मी विचारलं.

"राईत असतो. सकाळी जातो, ऊन चढलं की येतो. एकेक झाड घेतलंय. बुंध्याभोवती कमरेएवढं खणतो, हातानं माती चाळतो, पुन्हा बुजवतो. गावचे लोक घाबरतात त्याला. पोरांना म्हणतात तिकडे जाऊ नका. अर्धी राई झाली, भाऊ. काही नाही सापडलं."

"तू सांगितलं नाहीस त्याला?"

"सांगितलं ना. म्हटलं, मेस्त्री, पुरे झाला, माझो राग नाय. फडक्याची चिंधीसुद्धा उरली नसेल आता. तर म्हणतो कसा, 'भगतान नाय बांधल्यान तेका, दशरथा. मी बांधलंय.' आणि परत खणायला लागला."

"मग तू काय केलंस?" मी म्हणालो.

दशरथ आपल्या उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांकडे बघत होता. अंगठ्याखाली नवा फोड आलेला होता.

"काय करणार," तो म्हणाला. "दुसरी कुदळ होती तिथं."